विमानाच्या तेलाची तीन कोटेशनं

बिलावर सही घ्यायला जाताना साहेबरावांना दर वेळी चोरी केल्यासारखं वाटायचं. दौंडजवळच्या माळावर सावळाराम आबांनी विमान चालवायला शिकवायची संस्था काढली होती. दोन छोटी विमानं, एक पत्र्याचं शेड आणि त्याच्या कोपऱ्यात साहेबरावांचं स्टोअर. इंजिनाच्या तेलाची बाटली लिटरभरही नाही आणि किंमत बाराशे रुपये! एका विमानाला अशा आठ बाटल्या लागत, आणि पन्नास तास उडालं की ते सगळं काढून नवं भरायचं.

आबांचं आयुष्य सहकारात गेलेलं. तीन कोटेशनांशिवाय ते खिळासुद्धा घेऊ देत नसत. आता हे तेल देणारा डीलर एकच, तोही मुंबईचा. उरलेली दोन कोटेशनं आणायची कुठून? साहेबरावांनी एक शिरूरच्या ट्रॅक्टर पार्टवाल्याकडून घेतलं, एक केडगावच्या ऑइलच्या दुकानातून घेतलं, फायलीला टाचलं आणि ते निर्धास्त झाले. नियम पाळून स्वतःचा गळा कापून घ्यायची अक्कल आपल्याकडे फक्त प्रामाणिक माणसालाच असते.

मार्चमध्ये ऑडिटर आला. फायलीत तीन दर होते, तीनशे ऐंशी, चारशे दहा आणि बाराशे. खरेदी बाराशेची. त्याने लाल रेघ ओढली.

"साहेबराव, तीनशे ऐंशीला मिळतंय आन् तुम्ही बाराशेला घेताय व्हय?" आबा कडाडले.

"आबा, ते ट्रॅक्टरचं तेल हाय."

"मग ट्रॅक्टरचं कोटेशन विमानाच्या फायलीत कुणी लावलं?"

"मीच. तीन पाहिजेत म्हणून."

"म्हंजी खोटी फाईल केली!"

चौकशी समिती नेमली गेली आणि साहेबरावांना घरी बसवलं. संध्याकाळपर्यंत केडगावात बातमी पोचली की साहेबरावानं अख्खं विमान खाल्लं. वैशाखात त्यांच्या अंकिताचं लग्न ठरलेलं, वडगाव रासाईच्या म्हस्कू आप्पांच्या सार्थकशी. नोकरी गेली तर दुसरी शोधता येईल, पण मोडलेल्या लग्नाची पोरगी घेऊन कुणाच्या दारात जायचं?

"आप्पांचा फोन आला व्हता," त्यांची बायको गिताबाई म्हणाल्या. "ऐकलं ते खरं का, इचारत व्हते."

"तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, तेच येऊन सांगत्याल."

समितीने संस्थेच्या इंजिनिअरला बोलावलं. तो म्हणाला, "ट्रॅक्टरचं तेल घालून बघू की. फक्त पहिल्या फेरीला समितीनं आत बसायचं." समितीने त्याच दिवशी अहवाल लिहिला. तेल योग्य, दर योग्य, साहेबरावांनी एका पैशाचाही लाभ घेतलेला नाही. साहेबरावांना रडूच आलं. त्यांनी शिक्क्याची प्रत लॅमिनेट करून घेतली आणि मोटरसायकलला किक मारून थेट वडगाव रासाई गाठलं.

आप्पांनी ओसरीवर बसवलं, चहा सांगितला आणि कागद दोनदा वाचला.

"पाव्हणं, म्हंजी एवढ्या मोठ्या खरेदीत तुमी खरंच काय खाल्लं न्हाई?"

"एक रुपया न्हाई, आप्पा. आईची आण!"

आप्पांचा चेहरा उतरला. "आमी गावभर सांगून बसलो, व्याही चांगला हात मारनारा हाय म्हणून. कार्यालय, हजार पान, पोराला गाडी. हे सगळं कशातनं करनार व्हता?"

"पगारातनं. जमंल तेवढं."

"जमंल तेवढ्यात आमचं भागत न्हाई. सोयरीक ऱ्हाऊ द्या."

साहेबरावांच्या डोक्यात तिडीक गेली. चोर म्हणत होते तोवर हा माणूस सोयरा होता! पण मुलीच्या बापाने संताप गिळायचा असतो, तसा त्यांनी गिळला आणि ते कागद घेऊन उठले.

"थांबा," आप्पा मागून म्हणाले. डोळ्यांत अजून थोडी आशा होती. "त्या रिकाम्या बाटल्या तरी इकता का?"

"न्हाई आप्पा. त्या मोजून जमा कराव्या लागत्यात."

आप्पांनी आत तोंड करून हाक दिली, "चहा ठिवू नका गं!"