माडाला बांधलेली जीप

आमच्या नार्व्यात गुरं गोठ्यात बांधतात, होड्या काठाला बांधतात आणि रघुबाब जीप माडाला बांधतात. रोज संध्याकाळी, काथ्याच्या जाड दोरानं, दोन वेढे आणि वर गाठ. हँडब्रेक चांगला आहे, तरीही. सकाळी निघताना सीटवर बसून आधी मोठ्यानं म्हणतात, "दोर सोड." सोडणारं दुसरं कोणी नसतं. मग स्वतःच खाली उतरतात, सोडतात आणि पुन्हा चढतात.

रघुबाबांचा जन्म फेरीबोटीवर खलाशी म्हणून गेला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्करानं लिलावात काढलेली, नंतर बऱ्याच हातांतून फिरलेली एक म्हातारी जीप घेतली. खरवडाल तिथं हिरव्या रंगाखाली आणखी जुना हिरवा रंग निघतो. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर रघुबाबांचं उत्तर एकच: "फेरीक विचार." डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "फेरीक विचार. जल्म खाऱ्या पाण्यात गेलो तिचो. तिका झाला बीपी?"

मी त्यांच्यासमोर, पाणंदीच्या अलीकडे राहतो. तुयेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. पाववाल्या पोदेराचे उंडे कडक निघाले तरी त्यात आपलीच काहीतरी चूक असावी असं मला वाटतं, असं माझी बायको म्हणते. ती चेष्टा करते, पण तसं खरंच वाटतं. त्यामुळे पुढं जे झालं त्यात माझा हात किती, हे तुम्हीच ठरवा.

दोन दगडी गडग्यांमधून येणारी आमची पाणंद रघुबाबांच्या अंगणात संपते. अंगण एवढंसं, त्यात विहीर आणि तो माड. जीप वळवायची तर तिचा मागचा भाग शेजारच्या अंगणात घालावा लागे. शेजारचं अंगण त्यांच्या थोरल्या भावाचं, विठूदादांचं. एकाच घराचे मधोमध दोन भाग झालेले. वाटणीपासून भावाभावांत बोलणं नाही. भांडण कोणाला काय मिळालं यावरून नव्हतं. वाटणी आधी कोणी मागितली यावरून होतं. दोघंही सांगतात, त्यानं.

मात्र जीप मागं यायला लागली की विठूदादा हात पुसत बाहेर येत आणि आपल्या कुत्र्याशी बोलत.

"टायगरा, तेका सांग, पाठी अबोली आसा."

जीपमधून उत्तर येई, "टायगरा, माका डोळे आसत म्हण."

"आसत तर काल बादली कोणी चेपली, विचार."

"बादली वाटेत कोणी ठेवली, ता पयला विचार."

टायगर शेपटी हलवी. रोज सकाळी, जीप निघताना, हेच.

असं बरंच चाललं. मग एक दिवस रघुबाब माझ्या सोप्यावर येऊन बसले. "सुरेशा, आता तेच्या आंगणात चाक घालूचा नाय माका. फेरी खंय रिव्हर्स घेता? नदीत जाग्यार फिरता. जीपय फिरूक होयी."

"पण जीपची मागची चाकं वळत नाहीत, रघुबाब."

"ती काय नुसती पाठसून येवक आसत?"

मी तिथंच थांबवायला हवं होतं. पण मलाच उत्साह आला. वळणारी चाकं पुढच्या अॅक्सललाच असतात, म्हणून त्याच जातीच्या दुसऱ्या जीपचा पुढचा अॅक्सल आम्ही भंगारातून आणला आणि उलटा करून मागं बसवला. स्टीअरिंगपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा नेला. बुश आणि सांधे मी तुयेच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतले आणि विठूदादांच्या नजरेला पडू नयेत म्हणून स्कूटरच्या डिकीत, भाजीच्या पिशवीखाली आणले. रस्त्यावर मागची चाकं वळली तर जीप झोकांड्या खाईल, म्हणून बोटाएवढी एक पिन केली. पिन घातली की मागची चाकं सरळ, काढली की वळती.

पहिल्या दिवशी दांडा चुकीच्या बाजूला जोडला गेला. पुढची चाकं डावीकडे वळली, मागचीही डावीकडेच. जीप वळेचना. कुर्लीसारखी तिरकी तिरकी चालत ती थेट विठूदादांच्या अबोलीत गेली.

विठूदादांनी पाहिलं. "टायगरा," ते म्हणाले, "आता ही आडवीय येवक लागली."

दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. जीप विहिरीला वळसा घालून आपल्याच अंगणात, कुठंही न अडखळता, पाणंदीकडं तोंड करून उभी राहिली. रघुबाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "फेरी," एवढंच म्हणाले.

त्यानंतर सकाळी आवाज यायचा तो फक्त इंजिनाचा. विठूदादा सवयीनं हात पुसत बाहेर येत, थोडा वेळ उभे राहत आणि आत जात. एकदा माझ्या गडग्याशी आले. "सुरेशा, जीप बिघडली काय रे?"

"नाही दादा. आता मागं घ्यावी लागत नाही."

"बरा झाला. अबोली तरी जगतली." असं म्हणून ते अबोलीकडं नाही, माडाकडं बघत राहिले.

रघुबाबांचंही काहीतरी बिनसलं होतं. जीप वळवून झाल्यावरही ते इंजिन चालू ठेवून बसत. "दोर सोड" गरजेपेक्षा जास्त मोठ्यानं म्हणत. मला जेवण गोड लागेना. त्या दोघांमधला एकुलता एक सांधा काढून मी जीपला जोडला होता, आणि तोही भाजीखाली लपवून.

मग एका सकाळी मागं येणाऱ्या जीपची ती जुनी घरघर ऐकू आली. मी धावत गेलो.

रघुबाब माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिन अडकली. निघणा नाय."

"मी बघू?"

"बघ." ते दोर गुंडाळायला माडापाशी गेले.

मी जीपखाली वाकलो. पिनीला ताजं ग्रीस लावलेलं होतं. बोटानं ओढली तर लोण्यातून यावी तशी बाहेर आली. मी ती परत आत सरकवली आणि हात पँटला पुसले.

"घट्ट बसली आहे," मी म्हणालो. "तुयेला नेऊन बघू का कधीतरी?"

"कित्याक? घाई खंय आसा."

ते चढले. जीप हळूहळू मागं, शेजारच्या अंगणात शिरली. विठूदादा हात पुसत दारात आले.

"टायगरा, तेका सांग, सावकाश. पाठी कुंडी आसा."

"टायगरा, माका दिसता म्हण."

टायगर माझ्या सोप्यावर झोपला होता.