साटमकाकांची हातोडी

साटमकाकांना चहा द्यायचा असेल तर आधी रिकामा कप द्यावा लागतो. ते तो बोटाला अडकवतात, खिशातून चमच्याएवढी लाकडी हातोडी काढतात, कपावर हलकेच मारतात आणि कप कानाशी नेतात. मग म्हणतात, "पास" किंवा "रिजेक्ट". पास झाला तरच चहा. आमचे चार कप त्यांनी महिनाभरात नापास केले. तेव्हापासून आई त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देते. सवयीने ते पेलाही वाजवतात, पण निकाल देत नाहीत.

वाशीला आमच्या समोरच्या खोलीत ते आणि काकी राहतात. जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात विजेच्या खांबावर बसवायचे चिनी मातीचे इन्सुलेटर तयार व्हायचे. ते वाजवून बघणं हे काकांचं वीस वर्षांचं काम. बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, आवाजात कळते. खणखणला तर पास. थप्प वाजला तर तिथल्या तिथे फोडायचा, म्हणजे चुकून कुणी खांबावर चढवायला नको. निवृत्त झाल्यावर काकांनी हातोडी घरी आणली आणि उरलेलं जग तपासायला घेतलं. कलिंगड, गच्चीवरची टाकी, बाजारातली कुंडी. एकदा जावयाचं हेल्मेट वाजवलं. जावयाने ते अजून काढलेलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात काय शिकवतात हे घरी सांगताना माझाच गोंधळ व्हायचा. त्या वर्षी आम्हाला मातीकामाचा प्रकल्प होता. चाक न वापरता, नुसत्या हाताने मातीच्या वळ्या एकावर एक चढवून सहा भांडी करायची.

"मडकी?" आई म्हणाली. "आपल्या गावचा कुंभार कुठल्या कॉलेजात गेला होता?"

वडील कंपनीत हेल्पर. ते एवढंच म्हणाले, "या वर्षी नापास झालास तर जूनपासून माझ्या शिफ्टला." सुपरवायझरशी ते बोलूनही आले होते.

मी आठ भांडी केली. पाच बारीक काठाची, मला स्वतःला आवडलेली. तीन जाड, सुरुवातीला हात बसला नव्हता तेव्हाची. कॉलेजच्या भट्टीतून निघाल्यावर आईला दाखवायला म्हणून जुन्या साडीत गुंडाळून बसने घरी आणली. काका दारातच उभे होते.

"काय कॉलेज, माल आला?" मला ते कधीच नावाने हाक मारत नाहीत.

त्यांनी पहिलं बारीक भांडं घेतलं, वाजवलं, कानाशी धरलं. "थप्प. रिजेक्ट." आणि मी काही बोलायच्या आत ते फुटलं. एकामागून एक पाचही गेली. तीन जाड मात्र पास झाली. "हा खरा माल," काका म्हणाले. "गुबगुबीत."

खरं सांगायचं तर मला ती पाचही वाजलेली ऐकू आली होती. पण वीस वर्षं ऐकणाऱ्याचा कान खरा, की माझा? काकींनी खापऱ्या गोळा करून तुळशीच्या कुंडीत घातल्या.

दोष बारीकपणात असणार असं ठरवून मी पुढची सहा भांडी जाड केली. ती वाळत ठेवली असताना सर आले. त्यांनी एक उचललं, दोन्ही हातांनी.

"हे काय?"

"पाण्याचं भांडं, सर."

"यात पाणी मावणार कुठे? आणि ती आधीची चांगली होती, ती कुठायत?"

"रिजेक्ट झाली, सर. आमच्या शेजारच्या काकांनी केली."

सर म्हणाले, त्यातला एखादा तुकडा घेऊन ये. दुसऱ्या दिवशी मी तुळशीतली एक खापरी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती कट्ट्यावर टाकली. ती छान खणखणली. "हे पक्कं भाजलंय," ते म्हणाले. "ही जाड भांडी पाण्यात टाक, परत माती कर. भट्टी आता एकदाच लागणार आहे."

मी पुरता गोंधळून घरी आलो. काकांना विचारायचं होतं, पण कसं विचारावं कळेना. शेवटी त्यांच्याकडे जाऊन नुसता बसलो. काकी बाजारात निघाल्या होत्या. काका कुकरच्या शेजारी बसलेले असतानाही त्या मला म्हणाल्या, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर हां."

काका मला भट्टीच्या गोष्टी सांगू लागले. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. काका बोलतच होते. तिसरी झाली तेव्हा ते कुकरकडे बघून म्हणाले, "आज वेळ लागतोय नाय?"

मी उठून गॅस बंद केला. खालचे, जाड आवाज त्यांना येत होते. बारीक आवाज येतच नव्हते.

काकी परत आल्यावर मी जिन्यात त्यांच्या हातातली पिशवी घेतली. त्या आपणहून हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटची दोन वर्षं कंपनीने त्यांना गेटवर बसवलेलं. मला यांनी सांगितलं, बढती झाली. मी पण पेढे वाटले. तू बोलू नकोस बाबा कुणाला."

मी पुन्हा आठ बारीक भांडी केली. दोन भट्टीत फुटली. सहा उरली. सहाच हवी होती. ती कॉलेजातच ठेवावी असं मनात होतं, पण काका रोज विचारायचे, "भट्टी उघडली?" आणि मला खोटं बोलायला जमेना. प्रकल्प देण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सहाही घरी आणली.

काकांनी पहिलं वाजवलं. कानाशी नेलं. कपाळाला आठ्या पडल्या. हातोडी वर गेली.

"काका," मी म्हणालो, "मी ऐकू?"

हातोडी तशीच राहिली. मग त्यांनी भांडं माझ्या कानाशी धरलं आणि वाजवलं.

"खणखणीत आहे."

त्यांनी ते बाजूला ठेवलं. दुसरं त्यांनी स्वतःच्या कानाशी नेलंच नाही. वाजवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मान हलवली. असं पाचव्यापर्यंत झालं. सहावं वाजवलं तेव्हा ते थप्प बोललं. बसमध्ये कुठेतरी आपटलं असणार. पाचावर प्रकल्प पास होत नव्हता.

"पास," मी म्हणालो.

काकांनी काठावरून अंगठा फिरवला, सावकाश, आणि एका जागी थांबवला.

"खोटं बोललास. चीर हाय इथे."

मी हातोडीकडे बघत होतो. काकांनी ती खिशात ठेवली.

"रिजेक्ट फोडायचा हा कंपनीचा कायदा. घरी कसला कायदा?" ते म्हणाले. "हा इथे ठेवून जा. पाणी नाय राहणार, तांदूळ राहतील. आणि ती माझी तीन पास आहेत ना, त्यातला एक ने. सहा होतील."

दुसऱ्या दिवशी सरांनी पाच बारीक भांडी पाहिली आणि सहाव्यापाशी थांबले. "हा कोण?"

"हा आधी पास झालेला आहे, सर."

सर हसले की नाही ते मला कळलं नाही, पण मी पास झालो. वडिलांनी सुपरवायझरला काय सांगितलं ते माहीत नाही.

आता मी संध्याकाळी पुस्तक घेऊन काकांकडे बसतो. ओट्यावर ते चिरलेलं भांडं असतं, तांदळाने भरलेलं. कुकर लावून काकी मुद्दाम बाहेरच्या खोलीत जातात. शिट्टी झाली की मी पुस्तकातून मान वर करतो. तिसऱ्यांदा मान वर केली की काका उठतात, गॅस बंद करतात आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "झाल्या गो तीन."