नावडत्या माणसाची जागा

अहिरे भाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आले ते साखर मागायला नव्हे, की टाकीत पाणी आलं का विचारायलाही नव्हे. दारात उभे राहून शांतपणे म्हणाले, "वहिनी, सकाळपासून तुमच्याबद्दल द्वेष आला आहे. जरा बसू का? थोड्या वेळात जाईल."

मी हातातलं लाटणं तसंच धरून उभी. आम्हा कोकणातल्या माणसांना द्वेष माहीत नाही असं नाही. पण तो आम्ही घरात ठेवतो, पिढ्यान्‌पिढ्या जपतो, वेळप्रसंगी कोर्टात नेतो. ज्याचा आहे त्याच्याच दारात आणून सोफ्यावर बसवायचा, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. भाऊ तोवर आत येऊन मांडी घालून बसलेसुद्धा. डोळे मिटलेले, चेहरा दगडी. आमचे हे अंघोळ करून टॉवेलवर बाहेर आले, त्यांना पाहिलं आणि तसेच पाठमोरे परत गेले.

बऱ्याच वेळाने भाऊंनी डोळे उघडले. "गेला. तुमची स्कूटर माझ्या मोटरसायकलच्या पुढ्यात होती ना, त्यावरून आला होता. आता चहा घेईन."

मी इतकी हबकले होते की चहा केला, वर आलंही घातलं.

अहिरे भाऊ मूळचे धुळ्याकडचे. जवळच्या सायली गावात धाग्याच्या कंपनीत सुपरवायझर. इथे सिल्वासात निम्मी माणसं नोकरीने आणून टाकलेली, आम्हीही त्यातलेच. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते, हे कचेरीत. भाऊ समोरच्या ब्लॉकमध्ये एकटेच. बायको जाऊन काही वर्षं झालेली. एके काळी म्हणे यांच्या रागाला अख्खं खातं चळचळ कापायचं. एकदा जेवणाचा डबा भिंतीवर असा फेकला होता की वरण पंख्यापर्यंत गेलं. बायको गेल्यावर कुणीतरी नाशिककडे मौनाच्या शिबिराला नेलं आणि तिथून हे असे होऊन आले.

भाऊ घरचे पहिल्यापासूनचे बौद्ध, वंदना तोंडपाठ. पण तोवर ती तोंडातच राहिली होती. शिबिरात सांगितलं की मनात जे उठेल ते बघायचं, त्याला हाकलायचं नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही. बाकीची माणसं हे विहारात डोळे मिटून मनातल्या मनात करतात. भाऊ ते मोठ्याने करतात. वाण्याच्या दुकानात, कंपनीच्या बसमध्ये, केस कापून घेताना. "राग पाव्हना शे, वहिनी," ते आपल्या अहिराणीत सांगतात. "आपलाआप जास." आला तसा आपोआप जातो, एवढंच त्यांचं म्हणणं.

जातो खरा, पण दुसऱ्याची तिरपीट उडवून जातो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाला की गच्चीचा नळ अहिरेच उघडा ठेवतात. भाऊ उठले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आला. छातीत आहे. गरम आहे. आता मानेकडे चढतोय." सेक्रेटरी पांढराफटक. "अरे, आने तो एटेक आव्यो," याला ॲटॅक आला, म्हणून तोच गुजरातीत ओरडला. चौघांनी उचलून भाऊंना इको गाडीत घातलं. भाऊ रागाकडे बघण्यात गुंतलेले, त्यामुळे कुणाला उत्तर देईनात. दवाखान्याच्या पायरीवर डोळे उघडून म्हणाले, "गेला. आता नळाचं बोलू." त्यानंतर त्यांच्यावर नळाचा आरोप करायची कुणाची छाती झाली नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एक दिवस जिन्यात त्यांनी मला मैत्री भावना समजावली. रोज पहाटे बसायचं आणि मनातल्या मनात माणसं समोर आणायची. आधी आवडतं माणूस, मग ना आवडतं ना नावडतं, आणि शेवटी नावडतं. प्रत्येकाला म्हणायचं, सुखी हो.

"आवडत्या जागेवर खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ," भाऊ म्हणाले. "मधल्या जागेवर तुमचे साहेब."

आमचे हे सरकारी नोकरीत वर्षानुवर्षं मधल्याच जागेवर आहेत, त्यामुळे त्यांना काही वाटलं नाही.

"आणि नावडत्या जागेवर तुम्ही."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. बरं, माणूस भांडत असता तर चार शब्द सुनावले असते. हा तर रोज पहाटे उठून माझं भलं चिंततोय, आणि तेही नावडती म्हणून. शाळेत फळ्यापुढे उभी राहिले तरी डोक्यात तेच. मी एवढी वाईट आहे का हो, असं ह्यांना विचारलं. ह्यांनी पेपर वर धरला.

मग मी चंग बांधला की या जागेवरून उठायचंच. घावणे पाठवले, कुळथाचं पिठलं पाठवलं, स्कूटर पार झाडाखाली लावू लागले. भाऊ मिटक्या मारत खायचे आणि म्हणायचे, "आसक्ती आली. जाईल." जागा मात्र बदलेनात. "अजून तिथेच का मी?" असं विचारलं की मान खाली घालून "तिथेच" म्हणायचे.

दर रविवारी ते पांढरा शर्ट घालून शेअर रिक्षाने वापीला जात. विहारात जात असणार, असं मी धरून चालले होते. अशाच एका रविवारी सासूबाईंना वापी स्टेशनवर सोडून परत निघाले, तर एका बिल्डिंगसमोरच्या कठड्यावर भर उन्हात भाऊ बसलेले. डोळे मिटलेले, घामाच्या धारा. माझ्या काळजात धस्स झालं. रिक्षा सोडली आणि जाऊन सरळ झापलं. "ऊन काय म्हणतंय, वय काय म्हणतंय. टोपी घालायला काय धाड भरली होती? चक्कर येऊन पडलात तर कोण उचलणार आहे?"

भाऊंनी डोळे उघडलेच नाहीत. नुसते हसले. "अशीच बोलते ती. तोडून."

"कोण ती?"

त्यांनी वर बोट केलं. तिसऱ्या मजल्यावर दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते. "माझी रूपाली."

भाऊंना मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं समोरासमोर राहतो आम्ही. तिने आपल्या पसंतीने लग्न केलं, यांना न विचारता. सांगायला आली तेव्हा भाऊ दारातच म्हणाले, तू मेलीस मला. पुढे आई गेली तेव्हाही ती आली होती. यांनी तिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

"तेव्हा मी राग आला असं सांगत नव्हतो, वहिनी. सरळ करून मोकळा व्हायचो."

मी त्यांच्याशेजारी कठड्यावर टेकले.

"ती नावडती जागा तिची आहे," ते म्हणाले. "पण तिला तिथे आणलं की श्वासच अडकतो. शिबिरात सांगितलेलं, जड जात असेल तर आधी सोपं माणूस घ्या. तुम्ही तिच्यासारख्या बोलता. तुमच्यावर जमलं की तिच्यावर जमेल, म्हणून तुम्हाला घेतलं."

"मग अजून जमत नाही का माझ्यावर?"

"तुमच्यावर तर पहिल्याच चहाला जमलं." त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "पण तुम्हाला उठवलं की तिला बसवावं लागणार. म्हणून उठवलं नाही."

मी कठड्यावरून उठले आणि नेहमीसारखी खेकसले. "तिला ठाऊक तरी आहे का तुम्ही इथे येऊन बसता ते? इथून म्हटलेलं सुखी हो तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातं का? उठा."

"भीती आली आहे. बसतो, जाईल."

"नाही जायची. भीतीला घेऊनच वर चला."

बेल मीच वाजवली. दार उघडलं ते भाऊंचंच नाक असलेल्या पोरीने. कणकेचे हात तसेच. तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बापाकडे. दार आता तोंडावर आपटतं, अशा तयारीने मी एक पाऊल मागे घेतलं. भाऊ नुसते उभे. मनात येईल ते जगाला सांगणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून अक्षर फुटेना.

"चपला बाहेर काढा," ती म्हणाली. "आत्ताच पुसलंय."

भाऊ खाली वाकले. चपलेचा पट्टा काढू लागले, पण बक्कल काही सुटेना. ती थोडा वेळ बघत राहिली. मग उंबऱ्यातच खाली बसली आणि त्या कणकेच्या बोटांनी पट्टा सोडवू लागली.

"किती घट्ट बांधता हो, आप्पा," म्हणाली, पण मान वर केली नाही. पट्टा सुटला तरी तिने पाय सोडला नव्हता.