छत्रीचं तोंड

केदार तारापूरच्या एका कारखान्यात दाब आणि तापमान मोजणाऱ्या यंत्रांचा इंजिनिअर होता. त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र आपल्याला विचारल्याशिवाय लावू नये, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्याच्या बायकोचं, दिशाचं, मत नेमकं उलट होतं. कुंभवलीच्या भाड्याच्या घरात नवा टीव्ही आला तेव्हा ती म्हणाली, "बोईसरहून डिशची छत्री लावणारा बोलाव. तू हात लावू नकोस."

घाई होती ती प्रेमलाकाकूंमुळे. घरमालक बळवंतकाकांच्या या पत्नी मडक्यात कंदभाज्या उकडून होणारी उकडहंडी करण्यात एक नंबर. टीव्हीवाल्यांनी त्यांच्या अंगणात येऊन त्या उकडहंडीचं शूटिंग केलं होतं आणि कार्यक्रम रविवारी दुपारी लागणार होता. खालच्या मजल्यावरचा काका-काकूंचा टीव्ही बंद पडलेला. केदारनं छाती फुगवून अख्ख्या आळीला आमंत्रण देऊन टाकलं होतं, "काकूंना आमच्याकडेच बघायचं!" आता त्याची सगळी अब्रू त्या टीव्हीत अडकली होती.

छत्रीवाला धर्मेश आला. काकांची एकच अट होती, "भिंतीला भोक पाडायचं नाय." निळ्या पिंपात वाळू भरून त्यात छत्री उभी करायची, असं ठरलं. उपग्रह कुठे आहे ते बघायला धर्मेशनं गच्चीवर मोबाईल फिरवला आणि दक्षिणेकडे हात केला.

"दक्षिणेला तोंड?" काकू जिन्यातूनच ओरडल्या. "ती यमाची दिशा! माझ्या घरावर नको."

"काकी, सॅटेलाइट उधर ही है."

"मग त्याला सांग, जरा सरकून बस."

हा निरोप पोचवणं धर्मेशला जमण्यासारखं नव्हतं. तो सामान उचलून निघून गेला.

केदारला आयती संधी मिळाली. "छत्री नकोच! जुना अँटेना लावू. नुसत्या काड्या, त्याला तोंडच नसतं. काकू, चालेल?"

"अँटेना लाव की," काकू म्हणाल्या, त्याही इतक्या चटकन की केदार स्वतःच्या हुशारीवर खूश झाला.

काकांनी माळ्यावरचा अँटेना काढून दिला. शनिवारी केदारनं तो बांबूला बांधला. तो गच्चीवर बांबू फिरवत होता, दिशा टीव्हीसमोर बसली होती, आणि जिन्यात उभे राहून काका दोघांचे निरोप पोचवत होते.

"आलं का?"

"नाय! मुंग्या हायत!"

"आता?"

"मुंग्या वाढल्या!"

केदारनं आधी नारळाच्या झावळ्यांना दोष दिला. काकांनी झावळ्या तोडल्या. मग कारखान्यांच्या धुराला दिला, मग खाऱ्या हवेला. ऊन उतरलं तेव्हा दिशा मोबाईल घेऊन वर आली.

"केदार, अँटेनावर लागणारं प्रक्षेपण आपल्याकडे केव्हाच बंद झालंय."

केदार बांबू धरून तसाच उभा राहिला. आकाशात जे नव्हतंच, ते त्यानं दिवसभर घाम गाळून शोधलं होतं.

"मुंग्या मात्र स्पष्ट आल्या होत्या," काकांनी त्याला धीर दिला.

पण हार मानेल तो केदार कसला! त्यानं धर्मेशला फोन करून छत्रीसकट परत बोलावलं आणि काकूंना गच्चीवर नेलं. "हे बघा काकू. हे मागचं नुसतं ताट. या दांडीवर हा ठोकळा बसलाय ना, खरं यंत्र ते. आणि तो बघतो ताटाकडे, म्हणजे उत्तरेला!"

काकूंचा चेहरा उतरला. केदारला वाटलं, शास्त्रापुढे माणूस असाच गप्प होतो. धर्मेशनं छत्री पिंपात उभी केली आणि संध्याकाळी चित्र आरशासारखं स्वच्छ आलं.

रविवारी आळी लोटली. सतरंजी पुरेना, काहीजण दारात उभे. कार्यक्रमाची वेळ झाली, केदारनं ऐटीत बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली, सिग्नल नाही.

तो गच्चीवर धावला. छत्रीला मोगऱ्याचा हार होता, ठोकळ्याला हळदकुंकू होतं आणि पिंप फिरवून त्या ठोकळ्याचं तोंड थेट पूर्वेला केलेलं होतं. केदारनं कपाळाला हात लावला. त्याचंच शास्त्र त्याला भोवलं होतं. त्यानं कमरेत सगळं बळ आणून पिंप जागेवर फिरवलं.

"आलं!" जिन्यातून काकांचा आवाज आला. "प्रेमला दिसतेय! सुरण कापतेय!"

पण घाईत फिरवल्यानं पिंप डुगडुगत होतं. जरा हात सैल केला की खालून ओरडा येई. केदार उन्हात पिंपाला मिठी मारून उभा राहिला. कार्यक्रम आपल्याला दिसणार नाही, याचं त्याला वाईट वाटलं, पण आळी आपलं नाव काढेल, हे समाधान होतं.

एवढ्यात काकू धापा टाकत वर आल्या.

"सोड ते पिंप!"

"काकू, सगळे बघतायत!"

"म्हणूनच सोड! आता चूल पेटवायचं येईल. तो कॅमेरावाला बोलला, उजेडासाठी इकडं तोंड करून बसा. मी बसले. दक्षिणेला! मागं उत्तरेचा आपला गोठा दिसतो, आळीला काय कळणार नाय? दक्षिणेला तोंड करून रांधू नका, म्हणून आळीतल्या एकेका सुनेला मी रडवलंय रे!"

केदारनं पिंपाआडून मान वर काढली. "म्हणून छत्री नको म्हणत होतात?"

"तर काय! अँटेना लाव बोलले, त्याच्यात काय येत नाय ते मला ठाव होतं. सकाळी पूजा करते बोलून यांना हाताशी घेतलं, पिंप फिरवलं. तर तू हायस इंजिनेर, परत जागेवर आणलंस!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. केदारनं एकदा खाली भरलेल्या घराकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग त्यानं पिंप सोडलं आणि वर एक धक्काही दिला.

"गेलं! गेलं!" खाली कल्लोळ उठला. "अरे केदार, काय केलंस?"

केदार कठड्यावरून वाकला. "माझ्या हातून बिघडलं!" तो ओरडला. "आता काही दुरुस्त होत नाही!"

खाली एकालाही शंका आली नाही. दिशा तर म्हणाली, "मी सांगितलं होतं, हात लावू नकोस."