आप्पा हवालदारांची अर्धी काहिल

आप्पा हवालदार गावात सगळ्यांना अरे-तुरे करत. सरपंच असो की तलाठी, 'काय रं' म्हटल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू होत नसे. देवळातल्या जोतिबालाही जाता जाता 'बरा हाईस न्हवं?' असं विचारून पुढं जायचे. मला शाळेमुळं 'गुरुजी' आणि 'तुमी' मिळे, पण सूर रंगरुटाला दटावायचाच. खऱ्या मानानं ते बोलत फक्त घोडओढ्याशी. रोज सकाळी काठावर टाचा जुळवून उभे राहत आणि म्हणत, "काय साहेब, कसं काय आज?" चैत्र-वैशाखात त्या ओढ्यात पाण्याचा टिपूस नसे. धोंड्यांवर सरडे ऊन खात पडलेले असत आणि त्यांच्यापुढं हा सहा फुटी, मिशीला तेल लावलेला माणूस अदबीनं उभा.

"आप्पा, सुकलेल्या ओढ्याला कसलं साहेब म्हणता?"

"साहेब रजेवर गेला म्हनून साहेब न्हाई व्हय?"

मी मूळचा सांगलीचा. शिराळ्याच्या पलीकडं, डोंगराला टेकलेल्या या गावात मास्तर म्हणून लागलो तेव्हा लग्न व्हायचं होतं आणि संध्याकाळी करायला काही नव्हतं. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलोय, हे एकदा पारावर सहज बोलून गेलो आणि तिथंच फसलो. दुसऱ्या दिवशी आप्पा शाळेच्या दारात हजर.

"गुरुजी, तुमी आमच्या पार्टीत."

"कसल्या पार्टीत?"

"साहेबांवर चढाई हाय. वरच्या वस्तीपास्नं वारणंच्या तोंडापत्तूर. भर पान्यात, काईलीत बसून."

काहिल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. सात-आठ माणसं गोल बसतील एवढी. गुळाचं काम संपलं की ती खोपीत पालथी पडते आणि वारणेला पूर आला की सुलटी करून पाण्यात घालतात. आमच्या भागात म्हाताऱ्या, शेळ्या, माहेरवाशिणी, सगळे पुरातून काहिलीनंच पार होतात. पण ते नदीचं पसरलेलं, संथ पाणी. घोडओढा म्हणजे वेगळंच प्रकरण. डोंगरावरून सुटला की धोंड्याधोंड्यांवरून उड्या घेत येतो, वळणावर गरागरा फिरतो, आणि शाळेत पाढे ऐकू येऊ देत नाही. त्यात काहिल घालायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं, कारण गावात बाकीच्यांची डोकी ठिकाणावर होती.

हे खूळ आप्पांच्याच डोक्यात का शिरलं, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पा सरहद्दीवर असताना त्यांच्या बायकोच्या, सोनाबाईंच्या पोटात कळ उठली. त्या वरच्या वस्तीवर, डॉक्टर खाली गावात, आणि मध्ये भरलेला ओढा. धाकटा भाऊ नाना दोन दिवस काठावर बसून राहिला. पाणी ओसरलं तोवर सोनाबाई गेल्या होत्या. आप्पा तार मिळून आले, दिवस घातले आणि नानाला एकच विचारलं, "काईल व्हती ना घरात?"

"वड्यात काईल चालत न्हाई, आप्पा."

"घालून बगितलीस?"

नाना उठून गोठ्यात गेला. तिथून दोघांचं बोलणं तुटलं. आता पेन्शनीत आल्यावर आप्पा काहिल घालून दाखवणार होते. ती चालली म्हणजे नाना दोषी, एवढा साधा हिशेब होता आणि गाव निकालाची वाट बघत होतं.

भाऊ राहायचे एकाच घरात. फक्त घराला दारं दोन झाली होती. काही सांगायचंच झालं तर आप्पा आपल्या बैलाला सांगत, "पाखऱ्या, उद्या पाटाचं पानी आपलं हाय. कुनी वाफ्याचं दारं मोडू नगा म्हनावं." मग नाना म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "गंगे, आपल्याला काय करायचंय लोकांचं पानी." जनावरं गुणी होती. निरोप चोख पोचत.

अख्खा उन्हाळा तयारीत गेला. फौजेत आप्पा पूल बांधणाऱ्या पलटणीत होते, त्यामुळं पहिली रेकी. सुक्या ओढ्यातून आम्ही वरपासून खालपर्यंत चालायचो. मोटेचा जुना नाडा काहिलीच्या रुंदीएवढा कापून घेतला होता. तो प्रत्येक दोन धोंड्यांमध्ये ताणून बघायचा. बसला तर "पास", नाही तर आप्पा धोंड्याकडं असं बघायचे की धोंड्यानंच सरकावं. धोंड्यांना नावं पडली. दोन सारखे होते ते जुळी. वळणावरचा आडवा काळा खडक म्हणजे सासू.

"सासू का?"

"हिला चुकवून कोन घरात शिरलंय का आजपत्तूर?"

मग पाटाच्या पाण्यात करवंट्या सोडून तालीम. करवंटीत दोन शेंगदाणे. "ह्यो मी, ह्यो तुमी." पाटात खडे मांडलेले, आप्पा काठावर उकिडवे, मी पाण्यात गुडघाभर. माझा शेंगदाणा दरवेळी बाहेर पडे. "वजन डावीकडं टाकताय तुमी, गुरुजी," असं मला बजावून ते माझा शेंगदाणा खाऊन टाकत.

खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस मी भिडेखातर जात होतो. नंतर मला त्याची चटक लागली. जेवताना ताटातल्या आमटीत भाताचे धोंडे मांडून मी वाट शोधू लागलो. सहावीच्या भूगोलात गंगा बाजूला राहिली आणि मी घोडओढा शिकवू लागलो. घरी आईला पत्र टाकलं, की इथं पोहण्याचा व्यायाम चांगला होतो. पावसाळा कधी येतो असं मला झालं होतं, आणि माझ्या जिवाला त्यात धोका आहे हे माझ्या ध्यानातच येत नव्हतं.

शेवटी आप्पांना नामी युक्ती सुचली. प्रत्येक धोंड्यावर चुन्यानं मोठा बाण काढायचा, म्हणजे ऐन पाण्यात गडबड नको. आम्ही चुन्याच्या बादल्या घेऊन ओढाभर बाण काढले. सासूवर तर आडवी फुली मारली. लांबून ओढा लग्नघरासारखा दिसत होता.

अडचण एकच उरली. वाटणीत जमीन वाटली होती, बैल वाटले होते, जात्याची वरची तळी एकाकडं आणि खालची दुसऱ्याकडं गेली होती. काहिल तेवढी फोडता येईना म्हणून सामायिक राहिली. तेव्हा अर्धी काहिल मागायला वकील म्हणून मला पाठवण्यात आलं.

नाना ओसरीवर दोर वळत बसले होते. अंगानं किरकोळ, बोलणं त्याहून कमी. माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती पानी असताना?"

"भर पाण्यात."

"मग देत न्हाई."

मी तसंच येऊन सांगितलं. आप्पांनी पाखऱ्याकडं तोंड करून जे काय सांगितलं ते मास्तरानं लिहू नये असं होतं. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नाना स्वतः शाळेत आले.

"देतो काईल. पर माझ्या अर्ध्यात मी बसनार."

"नाना, तुम्हाला पोहता येतं?"

"न्हाई. म्हनून तर बसतोय. त्यो येकटा असला तर जिवाची पर्वा करनार न्हाई. मी असलो म्हंजे जरा दमानं घील."

हे शेवटचं मी आप्पांना सांगितलं नाही. नाना बसणार एवढंच सांगितलं. आप्पा बराच वेळ मिशी चोळत राहिले. "बसावं की," ते म्हणाले. "पर आपल्या अर्ध्यात." आणि गेरू आणून त्यांनी काहिलीच्या मधोमध रेघ मारली. माझी जागा रेघेवर.

आषाढात ओढा भरला. तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी उघडीप पडताच अख्खं गाव वरच्या वस्तीसमोरच्या, अलीकडच्या काठावर लोटलं. बायकांनी काहिलीला कुंकू लावलं, कुणी नारळ फोडला. आमच्या तिघांच्या कमरेला वाळके भोपळे बांधले गेले. आप्पांनी फौजेतली हिरवी टोपी चढवली, टाचा जुळवल्या आणि ओढ्याला कडक सलाम ठोकला. "साहेब, येतोय."

मी पाण्याकडं बघितलं. तांबडंलाल पाणी, वर फेस, आणि एकही धोंडा दिसत नव्हता. सगळे पाण्याखाली. धोंडाच दिसेना, तिथं त्यावरचा बाण कुठून दिसणार? सगळा उन्हाळा दोन शहाणी माणसं चुना फासत होती आणि एवढं एक कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आप्पा, बाण?"

आप्पांनी क्षणभर डोळे मिचकावले. "साहेबांनी जप्त केले," ते म्हणाले. "बसा."

काहिल गोल, हे मी इतके दिवस बघत होतो. पण गोल म्हणजे काय ते पाण्यात कळलं. सुटल्या सुटल्या ती फिरायला लागली. डावीकडं म्हणावं तोवर डावी बाजू उजवीकडं गेलेली. आप्पा एका अर्ध्यात बांबू घेऊन उभे, नाना दुसऱ्या अर्ध्यात एका हातात बांबू आणि दुसऱ्यानं काहिलीचा काठ घट्ट धरून बसलेले, आणि दोघांच्या मध्ये मी दुभाषा.

"गुरुजी, त्यास्नी म्हनावं बांबू रेटा."

"नाना, बांबू रेटा."

"सांगा त्यास्नी, रेटतोय."

"आप्पा, रेटतायत."

दोघांत हातभर अंतर. मी घसा फोडून ओरडत होतो आणि काठानं गाव धावत होतं. एका उडीला काहिल चक्क हवेत गेली आणि धप्पदिशी सरळ बसली. पाणी तोंडावर, नाकात, पण अंगात असं काही वारं भरलं की मी हसत सुटलो. पुढं जुळी. आप्पांनी अंदाजानं बांबू मारला आणि आम्ही दोन्हींच्या मधून सुईत दोरा जावा तसे निघून गेलो. काठावर एकच गलका झाला. "चालली, चालली, काईल चालली!"

मी आनंदानं आप्पांकडं वळलो. त्यांचा चेहरा पार उतरला होता. भ्यायले असतील, असं मला वाटलं. नाना खाली मान घालून बसले होते.

मग वळण आलं. फुली मारलेली सासू पाण्याखाली होती, पण होती जागच्या जागी. खणकन आवाज झाला, काहिल एका अंगावर उभी राहिली आणि आम्ही तिघं तीन दिशांना गेलो. मी भोपळ्याच्या कृपेनं वर आलो तर समोर आप्पा पाणी कापत चालले होते. नानांचा भोपळा सुटला होता. "नाना! धर, धर मला, सोडू नगंस!" इतक्या वर्षांचं ते पहिलं बोलणं. आप्पांनी त्यांना गळ्याला धरून करंजाच्या बुंध्याला टेकवलं. मग गावानं टाकलेल्या दोरानं आम्ही एकेक करून काठाला लागलो. काहिल सासूच्या कडेला अडकली होती आणि पाणी तिला वाकवत होतं. ती कुणाच्यानं हलली नसती.

 गर्दी हरलेल्या माणसापासून दोन हात लांबच उभी होती. आप्पा चिखलात बसले होते, टोपी वाहून गेलेली, गुडघा फुटलेला, आणि हसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते. येईल त्याला सांगत होते, "न्हाई चालत रं. काईल न्हाई चालत वड्यात. कुनालाबी जमलं नसतं."

नाना कोरडं काही मिळतं का बघायला जवळच्या घरांकडं गेले होते. मी आप्पांच्या शेजारी टेकलो.

"जुळीतनं निघालो न्हवं, गुरुजी, तवा माझं काळीज थांबलं," ते हळू म्हणाले. "म्हटलं, आता चालली ही. चालली असती तर मी काय केलं असतं? त्याचं तोंड कसं बगितलं असतं जल्मभर? सोना तर गेली. मला भाऊ येकच हाय."

 मी त्यांच्या गुडघ्याला माझा रुमाल बांधला.

नाना घोंगडी घेऊन आले. एकच मिळाली होती. ती त्यांनी आप्पांच्या खांद्यावर टाकली. आप्पांनी ती काढली आणि नानांच्या अंगाभोवती गुंडाळायला लागले.

"तू घे आदी," ते म्हणाले. "तुला दमा हाय. रातभर खोकत असतुस."

नानांना दमा लागला तो गेल्या दोन हिवाळ्यांत. भावाभावांचं बोलणं त्याच्या कितीतरी आधी बंद झालं होतं.