मास्तराच्या पेटीला पंक्चर

मुलानं एकीकडून ओढलं, पुतण्यानं दुसरीकडून, आणि मेलेल्या गणपतमास्तराच्या हार्मोनियमचा भाता टर्रकन फाटला.

"घ्या, आता अर्धा अर्धा वाजवा," म्हणत झिबलनं सायकलीत हवा भरायचा पंप दोघांच्याही नडग्यांवर हाणला. मी अंगणातच उभी होते. माझ्या मते हाणला तो कमीच.

झिबल माझा शेजारी. वरठीच्या रस्त्यावर पंक्चर काढण्यात त्याचा जन्म गेला. बायको नाही, लेकरू नाही. मास्तर दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळांत, पेटी वाजवायचा. आमच्याकडची लग्नं त्याच्याच चालींवर लागली. दोघांच्या घरांत एकच भिंत. दिवाबत्तीला मास्तरानं पेटी काढली की झिबल पंपानं भिंत ठोकायचा.

"बंद कर बे मास्तर, डोक्श्यात खिळे ठोकून राहिला माह्या."

मास्तर मुद्दाम आणखी एक चाल वाजवायचा.

मास्तर मेला. त्याची गाणी मोबाइलवर चालून पैसा यायला लागला होता, म्हणून तेरवीचं जेवण पचायच्या आत मुलगा नि पुतण्या कोर्टात. मुलगा म्हणे बाप माझा, पुतण्या म्हणे गाण्यांचे शब्द माझे. बापाच्या चालींवर हक्क सांगणाऱ्या या पोराला एक सूर धड लावता येत नाही. मास्तर खाटेला खिळला तेव्हा दोघांपैकी एकही मुडदा फिरकला नव्हता.

कोर्टानं सांगितलं, निकालापर्यंत चाली कोणी वाजवायच्या नाहीत, मास्तराच्या घराला कुलूप लावा, पेटी तिऱ्हाइताकडे ठेवा. दोघांचं एकाच नावावर जमलं. झिबल. गाण्याचा एवढा वैरी कुठं मिळणार?

मग यानं आम्हाला छळलं. धानाच्या रोवणीत मी मास्तराचं गाणं धरलं, तर हा बांधावर हजर.

"सायत्राबाई, मनाई हुकूम आहे."

"चिखलात कोण ऐकून राहिलं रे?"

"मी ऐकून राहिलो ना."

भाता फाटला त्या दिवशी मुलाला पेटी व्हिडिओत दाखवायची होती, म्हणून पुतण्याही धावत आला. भाता फाडून, झिबलवर दावा ठोकायची धमकी देऊन दोघं गेले. लाज नावाची गोष्ट त्यांच्या घरात मास्तराबरोबरच गेली असावी.

झिबलनं ट्यूबचा तुकडा कापला, घासला, सोलुशन लावलं.

"मास्तराच्या पेटीचं पंक्चर काढतो का?" मी म्हटलं.

"हवाच तं आहे."

तुकडा चिकटवून त्यानं भाता मारून पाहिला. पट्टीला बोट लावलं नाही. "हुकूम आहे," म्हणाला. पेटी नुसती श्वास घेत राहिली. हा कान लावून बसला. हवा कुठून जाते का बघतोय, असं मला वाटलं. पण ती जात नव्हती, आणि तो उठतही नव्हता.

दिवाबत्तीची वेळ झाली. तो पंप घेऊन उठला आणि त्यानं भिंत ठोकली.

"बंद कर बे, मास्तर."

मग थांबला. पुन्हा ठोकली.

भिंतीपलीकडे आता कोर्टाचं कुलूप आहे. अलीकडे झिबल राहतो, एकटा.