कास्परच्या भोंग्याची शुद्धी

कास्पर हुंडहामर याला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत काहीही झालेले नव्हते. आमच्या बाड हाइल्सबाख गावात निम्मे लोक उपचार घेतात आणि उरलेले निम्मे उपचार देतात. तिथे ही बाब खरे तर वेळीच कुणाच्या तरी लक्षात यायला हवी होती. पण कास्पर नगरपालिकेची बर्फ उपसायची गाडी चालवायचा, आणि बर्फ वेळेवर निघत असल्यामुळे त्याच्या प्रकृतीची चौकशी करायचे कुणाला कारण पडले नाही. निवृत्त झाल्यावर तो सकाळी लाकडे फोडी, दुपारी डुकराचे भाजलेले मांस आणि बटाट्याचे गोळे हाणी, संध्याकाळी बिअर घेई आणि गुरुवारी गावच्या बँडच्या तालमीला जाई. बँडमध्ये तो ट्युबा वाजवायचा. ट्युबा म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचा तो अगडबंब पितळी भोंगा. ‘भों-पा-पा, भों-पा-पा’ या आमच्या समस्त संगीतातला ‘भों’ एकट्या कास्परचा होता. ‘पा’ करायला बाकीचे सगळे होते.

त्या सप्टेंबरात ‘विषसंपर्क व विषनिष्कासन आंतरराष्ट्रीय समन्वित चिकित्सक महासंघा’चे अधिवेशन आमच्या आरोग्यधामात भरले. मागच्या अधिवेशनात यकृत आधी धुवावे की आतडे, या प्रश्नावर दोन देशांत हमरीतुमरी झाली होती. म्हणून यंदा घटनेत पहिलेच कलम घालण्यात आले की कोणत्याही सभासदाने दुसऱ्या सभासदाच्या निदानास हरकत घेऊ नये. त्यानंतर एकमताने असा ठराव झाला की संपूर्ण निर्विष असा एक प्रमाण मनुष्य शोधावा, म्हणजे त्याच्याशी ताडून जगातल्या इतरांच्या अंगात किती विष आहे ते ठरवता येईल.

कास्परची बायको बुर्गी आरोग्यधामाच्या स्वागतकक्षात बसायची. तिने नवऱ्याचे नाव पुढे केले. “आमच्या कास्परला साधी शिंकसुद्धा येत नाही,” ती समितीला म्हणाली. “तीस वर्षं झाली, मी वाट बघतेय.”

कास्पर तयार झाला, कारण काम दोन दिवसांचे आहे असे त्याला सांगण्यात आले होते. रविवारी चर्चचा उत्सव होता आणि बँडला शंभर वर्षे होत होती. त्या निमित्ताने बँडमास्तर गॉटफ्रीड याने एक सबंध चाल एकट्या ट्युबासाठी बसवली होती. ट्युबावाल्याच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. कास्पर जन्मभर इतरांच्या मागे बसून भों करत आला होता, आणि आता एकदाच का होईना, इतरांनी गप्प बसून त्याचे भों ऐकायचे होते. या कल्पनेने त्याला झोप लागत नव्हती. एवढे एक लक्षण सोडले तर तो ठणठणीत होता.

पहिल्या दिवशी चौघांनी त्याला तपासले. यजमान डॉ. फोल्कमर बाईंनी पोट दाबून पाहिले आणि आतड्यात जुना मळ असल्याचे सांगितले. कॅलिफोर्नियाच्या क्रिस्टलबाईंना केसांत बुरशी आणि जड धातू आढळले. स्वित्झर्लंडच्या एशबाखरसाहेबांनी लोलक फिरवून सर्व दोष चरबीत साठल्याचा निर्वाळा दिला. आपल्या नाशिकचे वैद्य नेर्लेकर सर्वांत शेवटी आले. त्यांनी जीभ पाहिली आणि अन्न न पचता अंगात विष साठल्याचा ‘आम’ एवढाच शब्द उच्चारला. पहिल्या कलमानुसार चारही निदाने बरोबर होती. प्रमाण मनुष्य म्हणून आणलेला माणूस अधिवेशनातला सर्वांत विषारी इसम ठरला. आता हेच प्रमाण धरायचे तर आधी त्याला शुद्ध करणे क्रमप्राप्त होते.

उपचारांचा समन्वय करताना मात्र थोडी अडचण आली. फोल्कमर बाईंच्या पद्धतीत शिळा पाव दुधात बुडवून तोंडात त्याचे पाणी होईपर्यंत चावायचा असतो. क्रिस्टलबाईंना गहू आणि दूध ही दोन्ही विषे वाटत. बराच ऊहापोह होऊन असे ठरले की चावणे ठेवावे आणि पाव व दूध वगळावे. नेर्लेकरांनी सकाळी तूप घ्यायला सांगितले होते, पण एशबाखरसाहेबांच्या मते विषाचे घरच चरबीत असते. म्हणून तूप रुग्णाच्या नाकासमोर धरून पुन्हा झाकून ठेवावे, असा तोडगा निघाला. चौघांनीही परस्परांचे अभिनंदन केले. इतके सहकार्य महासंघाच्या इतिहासात झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कास्पर रिकामे तोंड चावत बसला होता. दुपारपर्यंत त्याचे डोके ठणकू लागले, गुडघे लटपटू लागले आणि जिना चढताना त्याला कठडा धरावा लागला. ही बातमी सभागृहात पोचताच टाळ्या पडल्या. डॉ. फोल्कमर बाईंनी त्याला समजावून सांगितले की माणसाला बरे वाटेनासे होणे ही बरे होण्याची पहिली पायरी होय, आणि विष बाहेर पडताना त्रास देतेच.

त्या संध्याकाळी कास्पर मागच्या दाराने गॉटफ्रीडच्या दुकानात गेला. गॉटफ्रीड बँडमास्तर होता तसाच गावचा खाटीकही होता. त्याने मित्राचे तोंड पाहिले आणि काही न विचारता गरम मांसवडीचा जाड तुकडा मोहरी लावून पावात घातला. मग दुसरा घातला. “रविवारी फुंकायचंय तुला,” तो म्हणाला. “तुझ्या पोटात वारा राहिला नाही, तर शेजारच्या ऊंटरबाखहून ट्युबावाला आणावा लागेल. त्यापेक्षा मी दुकान बंद करीन.”

सकाळी कास्पर टवटवीत उठला, आणि तिथेच घात झाला. समितीने त्याला शीळ घालत येताना पाहिले. सर्वांचे चेहरे पडले. काल बाहेर पडू पाहणारे विष आज पुन्हा आत दबले, हे उघडच होते. बरे वाटण्याइतका प्रकार हाताबाहेर का गेला, याचा शोध सुरू झाला. क्रिस्टलबाईंनी विचारले की रुग्णाचा रोज एखाद्या धातूशी संबंध येतो का. स्वागतकक्षातून बुर्गीने तत्परतेने माहिती पुरवली की हा माणूस लग्नाआधीपासून पितळेचे भांडे तोंडाला लावून बसतो आणि पाहुणे आले तरी सोडत नाही.

त्याच दिवशी ट्युबा ताब्यात घेण्यात आला. त्याच्या अंगातही विष असणार, म्हणून उपचार त्याच्यापासूनच सुरू झाले. आरोग्यधामाची औषधी माती त्याच्या तोंडापासून नळीच्या शेवटापर्यंत ठासून भरली गेली, वर ओले फडके गुंडाळले गेले आणि एका उपचारखोलीत त्याला पलंगावर निजवून दार लावून घेतले गेले. दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. कास्पर त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. आईच्या दफनाच्या दिवशीही त्याला इतके पोरके वाटले नव्हते.

गुरुवारी तालीम त्याच्याविना झाली. आरोग्यधामाच्या खिडकीतून त्याला ती ऐकू येत होती. नुसते ‘पा-पा, पा-पा’ चालले होते आणि मधल्या जागा ओक्याबोक्या होत्या. तालीम संपल्यावर गॉटफ्रीडने निरोप पाठवला की ऊंटरबाखच्या माणसाशी बोलणे झाले आहे आणि आपल्याला याची लाज वाटते.

कास्पर तडक डॉ. फोल्कमर बाईंकडे गेला आणि भोंगा परत मिळवायला काय करावे लागेल असे त्याने विचारले. बाईंनी सांगितले की तो निर्विष ठरला की तत्काळ मिळेल.

“बाई, आजवर किती माणसं निर्विष ठरली?”

“एकही नाही,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “यावरून प्रश्न किती बिकट आहे ते तुझ्या लक्षात येईल.”

तो बागेत जाऊन बाकावर बसला आणि सवयीने रिकामे तोंड चावू लागला. थोड्या वेळाने शेजारी वैद्य नेर्लेकर येऊन टेकले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढली, मोडली आणि अर्धी कास्परच्या हातावर ठेवली. दोघांनी ती संपवली.

“हुंडहामर, तुमची एक गफलत होतेय,” नेर्लेकर बोटे पुसत म्हणाले. “तुम्ही बरं व्हायला बघताय. तसं इथे कुणी होत नाही. इथे दोनच जागा आहेत, एक तपासून घेणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. मला सांगा, गेल्या चार दिवसांत आमच्यापैकी कुणाला कुणी जीभ दाखव म्हणालं?”

कास्परने आठवून पाहिले. कुणीच म्हणाले नव्हते.

“शनिवारी वरच्या मजल्यावर नव्या चिकित्सकांचा वर्ग आहे. सकाळी बसायचं, संध्याकाळी सभासद व्हायचं. तुमची स्वतःची एक पद्धत लागते, एवढंच.”

शनिवारी संध्याकाळी कास्परने व्यासपीठावर उभे राहून आपली पद्धत मांडली. तिचे नाव ‘नादनिष्कासन’. अतिखोल स्वर पोटावर आदळला की विष मुळापासून हलते आणि मग त्याला निघण्यावाचून गत्यंतर राहत नाही, असे तो म्हणाला. पितळ हे विष असताना त्यानेच विष कसे निघणार, अशी शंका क्रिस्टलबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. पण आता तो सभासद होता आणि पहिले कलम सर्वांना पाठ होते. क्रिस्टलबाई उठल्या आणि त्यांनी त्याला मिठी मारली. ट्युबा पलंगावरून उठवण्यात आला, त्याच्या पोटातली माती काढण्यात आली आणि तो ‘उपचार उपकरण’ म्हणून कास्परच्या स्वाधीन झाला.

रविवारी त्याने वाजवले. दोन कडव्यांपर्यंत भोंग्यातून अधूनमधून मातीची ढेकळे उडत होती, पण पुढच्या रांगेतल्या मंडळींनी ती औषधी म्हणून अंगावर घेतली. चाल संपली तेव्हा गॉटफ्रीड डोळे पुसत होता. ऊंटरबाखचा माणूस आला तसा परत गेला. बुर्गीने नवऱ्याकडे असे पाहिले, जसे तिने लग्नातही पाहिले नव्हते, आणि घरी गेल्यावर पहिल्यांदाच त्याला ‘डॉक्टर’ म्हणाली. कास्परला त्या दिवशी स्वर्ग दोन बोटे उरला होता.

सोमवारी महासंघाचे नियम हाती आले. सभासदाला किमान एक रुग्ण उपचाराखाली ठेवावाच लागतो. रुग्ण नसेल तर सभासदत्व जाते, आणि सभासदत्व गेले की उपकरणही जमा करावे लागते. कास्परने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि मग कोपऱ्यातल्या भोंग्याकडे पाहिले. त्याच्या आतून अजून ओल्या मातीचा वास येत होता.

तेवढ्यात दारात गॉटफ्रीड उभा राहिला. लालबुंद गाल, बाह्या वर सारलेल्या, हातात कागदात गुंडाळलेली गरम मांसवडी. कालचा आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता आणि गुरुवारच्या तालमीचे बोलायला तो आला होता. कास्परने त्याला आत घेतले, बसवले, मांसवडीचा पुडा हळूच त्याच्या हातून काढून लांब ठेवला.

“तुला काही त्रास होतो का रे?” कास्परने विचारले.

“मला?” गॉटफ्रीड हसला. “काही नाही. झकास आहे.”

या माणसाने त्याला उपाशी मरू दिले नव्हते. त्याने नजर एकदा भोंग्याकडे वळवली, मग खुर्ची मित्राजवळ ओढली आणि अतिशय मायेने विचारले, “कधीपासून?”

गॉटफ्रीडचे हसू मावळले आणि तो विचारात पडला. तुम्हालाही सध्या काहीच होत नसेल, तर तुम्ही विचारात पडायला हरकत नाही. कास्परच्या पुढच्या तुकडीत थोड्या जागा शिल्लक आहेत.